अठरा इंच, उशीसकट

९ जानेवारी, दुपार

वन्सं,

हे पत्र तुम्ही उघडणार याची मला खात्री आहे. तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई, पत्ता नीट लिहिलेलं पत्र न उघडता टाकून देणार नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून हा मार्ग धरला. उत्तर नाही दिलंत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी लिहीत राहीन.

बातमी अशी की मी गाडी चालवायला शिकले. एकसष्टाव्या वर्षी. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या खेपेला गाडी मागे घेताना खांब आडवा आला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "खांब जागेवरच होता, आजी. आडव्या तुम्ही गेलात."

तुम्ही म्हणाल, जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, तेव्हा नाही सुचलं? नाही सुचलं. हे सीटा काढून मला आणून द्यायचे, मी कव्हरं शिवायची, हे परत बसवायचे. गाडीशी माझा संबंध बसायच्या जागेपुरता. तिच्या पुढे काय असतं हे कशाला बघू? दुकान अजून चालू आहे. सीटा काढायचं आणि बसवायचं काम आता शेजारच्या गॅरेजातले मिस्त्री करून देतात. मशीन तेच, माझी जागा तीच. फक्त ह्यांच्या बाजूचा दिवा मी लावत नाही.

आता गाडी घ्यायची आहे. कशासाठी ते सरळ सांगते. तुम्हाला आणायला. तुमच्या वरच्या भाडेकरणीला मी दर पंधरा दिवसांनी फोन करते. तिच्यावर रागावू नका, मीच तिच्या मागे लागलेली असते. ती म्हणाली, खुब्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बसची पायरी चढवत नाही, आणि वर्षभरात तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तर गाडी आली की मी येणार आणि तुम्हाला महिनाभर इथे घेऊन येणार. पुढच्या खोलीत, जिथे सकाळचं ऊन पडतं. तुम्हाला नको म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, तेवढ्यासाठीसुद्धा मी येईन.

ह्यांना पोचवून आलो त्या दिवशी तुम्ही काठी टेकत दारापर्यंत आलात आणि एकच वाक्य बोललात. "तू मला, तो दुकानात आहे म्हणालीस." आणि आल्या पावली परत गेलात. त्याला एकोणीस महिने झाले.

हो, म्हणाले मी. तुमचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. ह्यांनी बजावलं होतं की ताईला कळता कामा नये, ती ऑपरेशन सोडून इथे येऊन बसेल. तुमचा फोन आला आणि मी सांगितलं, दुकानात आहेत, कामात आहेत. हे पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होते. त्यांच्या सांगण्यावरून म्हणाले. एवढंच.

खुब्याला जपा.

तुमची,
धाकट्याची बायको

१७ जानेवारी, सकाळ

वन्सं,

काल मिस्त्रींनी गाडी दाखवली. करड्या रंगाची, उंच, पाच दारांची. आधी एका मुख्याध्यापिका बाईंची होती. वेळच्या वेळी तेल बदललेलं, एक ओरखडा नाही. पुढच्या खणात पेन्सिल, खोडरबर आणि टोक करायचं यंत्रसुद्धा होतं. मागच्या सीटवर बाईंनी कोणाला बसू दिलं नसावं, फोम अजून कारखान्यातून निघाल्यासारखा टणक आहे.

"वहिनी, डोळे मिटून घ्या," मिस्त्री म्हणाले.

"डोळे मिटून चालवू कशी?"

"चालवायला पण तशीच आहे. रस्ता दाखवला की झालं."

मी घेतच होते. पण तिच्या मागे कापड टाकलेली एक बुटकी गाडी उभी होती. कोणाची म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, "ती तुमच्या कामाची नाही, बघू नका." बघू नका म्हटल्यावर काय करणार, कापड उचललं.

लाल. दोन दारांची. तुम्ही कधी पाहिली नसेल, पण ह्यांच्या तोंडून ऐकली असेल. सतरा वर्षांपूर्वी ती आमच्या दुकानात आली होती, सीटा नव्याने मढवायला. मी खाली बसून सीटच्या काठाखाली हात घातला. दोरा संपवताना मी तीन उलटे टाके घालते आणि मग गाठ मारते. गाठ तिथे होती. सतरा वर्षं किती लोक त्या सीटवर बसले, उठले, पण टाका हललेला नाही. चालवणाऱ्याच्या बाजूला पायपिंग, म्हणजे काठाची गोट, थोडं घासलंय, बाकी जशीच्या तशी.

काम तीन दिवसांचं होतं, पण ह्यांनी गाडी अकरा दिवस ठेवून घेतली. मालकाला सांगितलं, फोम आला नाही. फोम माझ्या उशाशी रचून ठेवलेला होता. जेवणाच्या सुट्टीत हे डबा घेऊन त्या गाडीत जाऊन बसायचे. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी हाक मारायची, "अहो, जेवून घ्या." तर म्हणायचे, "थांब, वळणावर आहे."

कोणाला सांगून खरं वाटणार नाही. तुम्हाला वाटेल, म्हणून लिहिलं.

मिस्त्री म्हणतात, हिचं वय झालंय, इंजिन तापतं, एखादा भाग गेला तर महिनोन्महिने मिळत नाही. बरोबर असेल. मी शुक्रवारपर्यंत विचार करते म्हणाले.

एक काम आहे तुमच्याकडे. तुम्ही ज्या खुर्चीतून कोणाच्या मदतीशिवाय उठता, तिची उंची मला हवी. रिकामी मोजू नका, बसल्यावर फोम दबतो. तुम्ही बसा आणि भाडेकरणीला जमिनीपासून तुमच्या मांडीखालपर्यंत टेप धरायला सांगा. तेवढा एक आकडा कळवा. बाकी काही लिहू नका हवं तर.

तुमची,
मीच

२८ जानेवारी, दुपार

वन्सं,

आकडा आला नाही. ठीक आहे.

मी लाल गाडी चालवून बघितली. मिस्त्री शेजारी बसले होते, दाराची कड दोन्ही हातांनी धरून. गावाबाहेरच्या रस्त्यावर एका बाजूला गोदामं आहेत, दुसरीकडे मोकळं रान. तिथे मी तिसरा गिअर टाकला आणि गाडी अशी पुढे गेली की माझी पाठ सीटमध्ये रुतली. ती सीट मी भरलेली. पाठीला कुठे आधार लागतो हे मला पाठ असायला हवं होतं, पण तेव्हा मी उभ्या गाडीसाठी भरली होती. धावत्या गाडीत तीच सीट कशी लागते हे सतरा वर्षांनी कळलं. मला हसू आलं. मिस्त्रींना नाही आलं.

"वहिनी, समोर बघा."

"समोरच बघतेय."

"मग हसताय कशाला?"

परत आल्यावर ते म्हणाले, "बॉनेट तरी उघडून बघा. अर्धा तास तुम्ही सीटच चाचपताय." मी म्हणाले, शिलाई बघितली, शिलाई चांगली आहे. ते डोक्याला हात लावून आत गेले. त्यांचंही खरं आहे. माणूस इंजिन ऐकतो, चाकं बघतो, खाली वाकून गंज शोधतो. मी तीस वर्षांच्या सवयीने टाके मोजत बसले.

दोन्ही गाड्यांच्या माहितीपुस्तिका घरी आणून वाचल्या, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तुम्हाला ठाऊक आहे, मी सातवीत शाळा सोडली. पुढचं वाचन सगळं रद्दीवर झालं. सीटचे नमुने वर्तमानपत्रावर कापायचे असायचे आणि कापण्याआधी मी ते पान वाचून काढायची. किती लेख डोक्याच्या आधाराच्या गोलाईत अर्धे कापले गेले. शेवट काय झाला ते कधी कळलं नाही. हे म्हणायचे, तुला वाचनालयात घालायला हवं, आणि एक दिवस खरंच घातलं. म्हणून पुस्तिका अख्खी वाचायला मिळाली की मी शेवटपर्यंत वाचते, टायरची हवासुद्धा.

तर मी लाल घ्यायच्या विचारात आहे. तुमची सोय होईल. तुम्ही आधी तिरक्या बसलात, मग पाय एकेक करून आत घेतलेत, तर जमतं. मी मिस्त्रींना तसं बसवून बघितलं. त्यांचं पोट तुमच्या खुब्याइतकंच अडचणीचं आहे. आत गेले. बाहेर काढायला थोडा वेळ लागला, पण खाली जाड उशी टाकली तर तोही लागणार नाही. आणि चार तासांचा तर प्रश्न आहे.

पटत नसेल तर तसं कळवा. नाहीतर मी पटलं असं धरते.

तुमची,
धाकट्याची बायको

६ फेब्रुवारी, सकाळ

वन्सं,

तुमचं कार्ड काल आलं. पत्ता कसा लिहिलाय, एकेक अक्षर शिक्क्यासारखं. आणि पाठीमागे चार शब्द. "अठरा इंच. उशीसकट. दबल्यावर."

मी ते कार्ड मशीनवर टेकवून ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघत शिवत होते. दोन कव्हरांना उलटी बाजू वर लावली, दोन्ही उसवावी लागली. दबल्यावर, असं लिहिलंत. म्हणजे माझं पत्र नीट वाचून, भाडेकरणीला खाली वाकवून, तुम्ही माप घेतलंत. रागावलेल्या माणसाने इतकं नीट माप कशाला घ्यावं?

संध्याकाळी टेप घेऊन गॅरेजात गेले. करड्या गाडीची सीट, मी बसल्यावर, साडेएकोणीस इंच. थोडा फोम काढला की अठरा. लाल गाडीची साडेदहा. दोनदा मोजली. मिस्त्री म्हणाले, "तिसऱ्यांदा मोजलीत तरी वाढणार नाही."

साडेदहा इंचांवरून तुम्ही उठू शकणार नाही. हे मला टेप न लावता कळायला हवं होतं. धंदाच माझा तो आहे. लोक गाडीतून उतरताना कुठे हात टेकतात त्यावरून मी फोम किती भरायचा ते ठरवते. तरी मी तुम्हाला पत्रात तिरक्या बसा, पाय एकेक घ्या, असलं काहीतरी लिहून पाठवलं. का लिहिलं ते काल रात्रभर नाही, पण सकाळी चहा ठेवताना समजलं. त्या लाल गाडीत बसलं की हे माझ्या शेजारी असतात. तिथे मला दुसरं कोणी नको होतं. तोंडाने तुम्हाला आणायची गाडी म्हणत होते आणि निवडत होते अशी, जिच्यात तुम्ही मावणार नाही.

हे एकदा आधीही केलंय मी. ते लिहिल्याशिवाय तुम्हाला माझ्या गाडीत बसवणं बरोबर नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, ह्यांच्या सांगण्यावरून दुकानात आहेत म्हणाले. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, हे म्हणाले, "ताईला बोलावून घे." तुमचं ऑपरेशन तेव्हा उरकलं होतं, तुम्ही घरी होतात, लपवायचं कारण संपलं होतं. मी म्हणाले, बोलावते. नाही बोलावलं. बुधवारी त्यांनी विचारलं, "निघाली का?" मी म्हणाले, निघतील. गुरुवारी सकाळी फोन केला, तेव्हा ते बोलायच्या पलीकडे गेले होते. तुम्ही पोचलात तोवर सगळं झालं होतं.

ते दोन दिवस मी ठेवून घेतले, वन्सं. तुम्ही आला असतात तर उशाशी तुम्ही बसला असतात, ते तुमच्याशी लहानपणचं बोलले असते, आणि मी चहा करत बसले असते. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं. ते फारसं बोललेसुद्धा नाहीत. एकदा खिडकी उघड म्हणाले, एकदा बंद कर म्हणाले. एवढ्यासाठी मी तुमच्या भावाला तुमच्यापासून तोडलं.

त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. माझ्याकडे छत्तीस वर्षांचे हे आहेत. त्याच्या आधीची पंचवीस वर्षं तुमच्याकडे आहेत, आई गेल्यावर तुम्ही वाढवलेला मुलगा. त्याच्याबद्दल विचारायला मला जगात दुसरं कोणी नाही, आणि त्या एका माणसाशीच मी असं वागले.

आता तुम्ही आकडा परत घेतलात तरी मी समजेन.

तुमची,
धाकट्याची बायको

१८ फेब्रुवारी, दुपार

वन्सं,

तुमचं दुसरं कार्ड आलं. पोस्टातल्या बाईने कार्डाच्या चारही कडांनी, पत्त्याच्या रकान्यात घुसून लिहावं म्हणजे काय. पोस्टमनने माझ्यासमोर फिरवून फिरवून वाचलं आणि म्हणाला, "आजी, कुठल्यातरी गाडीच्या अपघाताचं आहे, पण जुनं आहे, काळजी करू नका."

मी तुमचं लिहिणं इथे उतरवून ठेवते, कारण कार्ड मी मिस्त्रींना दाखवलं आणि त्यांचा काळा अंगठा नेमका वळणावर उमटला आहे.

"बाळ्या एकोणीस वर्षांचा असताना शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. मला शेजारी बसवलं. गल्लीच्या टोकाला वळण. गल्ली वळली, हा नाही वळला. समोर बांधकामाच्या वाळूचा ढीग, त्यात शिरलो. मला म्हणाला, ताई, तू उतरून ढकल, मी आत बसून स्टिअरिंग धरतो. मी ढकलली. पुढे जन्मभर त्याने गाडी सायकलसारखी चालवली. तुला सांगितलं नसणार. दोन दिवसांचं वाचलं. ते कार्डावर मावायचं नाही, समोर बसून बोलायचं आहे. रविवारी ये. करडी घेऊन ये."

छत्तीस वर्षांत मला नव्हतं सांगितलं. मी विचारायची, अहो, इतकी हौस आहे तर जोरात चालवा की एकदा. तर म्हणायचे, पेट्रोल जातं. मी हे वाचून मशीनवर डोकं ठेवून हसले, आणि मग हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला सांगता यायचं नाही. पण वाळूत रुतलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेला तो मुलगा मला अगदी दिसला. डबा घेऊन बसायचे तेव्हा चेहरा तसाच असायचा.

लाल गाडी गेली. शेजारच्या गावचे एक दंतवैद्य घेऊन गेले, तिशीतले, लग्न न झालेले. त्यांनी बॉनेट उघडलं, चाकं ठोकली, खाली वाकून गंज बघितला. सीट मात्र नुसती बघितली, हात लावला नाही. मी न राहवून सांगितलं, चालवणाऱ्याच्या बाजूचं पायपिंग घासलंय, आणाल तेव्हा बदलून देईन. आणि मीच म्हणाले, न्यायच्या आधी मला एक फेरी मारू द्या. त्यांनी किल्ली दिली. या वेळी मिस्त्री शेजारी बसले नाहीत. मी एकटीच गोदामांच्या रस्त्याने गेले, टोकाच्या वळणावर गेले, वळले, परत आले.

करडी दुकानाच्या दारात उभी आहे. माझ्या शेजारची सीट काढून घेऊन दीड इंच फोम कापला, पुन्हा मढवली, मिस्त्रींकडून बसवून घेतली. बसून टेप लावला, अठरा भरते. दाराच्या बाजूचा काठ उतरता केलाय, म्हणजे मांडीला कड लागणार नाही. उठताना धरायला वर कडी बसवली आहे. तुमची उशी घेऊन येऊ नका, माप उशीसकट धरलंय, नाहीतर डोकं छताला लागेल.

रविवारी सकाळी सातला निघते. वाटेत एकदा थांबेन. अकराच्या सुमाराला तुमच्या फाटकाशी असेन. भाडेकरणीला सांगा, गाडी मागे घेताना तिने फाटकाच्या खांबाजवळ उभं राहावं.

एक सांगून ठेवते. मला अजून गाडी चालवताना बोलता येत नाही. कोणी बोललं तर ऐकू येतं, पण उत्तर द्यायला गेले की गिअर चुकतो. तेव्हा त्या दोन दिवसांबद्दल तुम्हाला जे बोलायचं आहे ते येताना गाडीतच बोला. जितकं आहे तितकं, शेवटपर्यंत. चार तासांचा रस्ता आहे. मी समोर बघत राहीन आणि ऐकेन.

तुमची,
धाकट्याची बायको